मानस

'खाजन शेतीचा वारसा व व्यवस्थापन. चर्चा करा.
दीडशे शब्द. दहा गुण.'

वेळ सात मिनिटं.
चोडणहून रायबंदरला जायला
फेरीबोटीला लागतात साधारण तेवढीच.
म्हणून मी उत्तरं बोटीवर लिहिते,
वही स्कूटरच्या सीटवर ठेवून.
इंजिनाच्या थरथरीत वेलांट्या मोडतात.
मोडू देत, म्हणतात सर,
परीक्षेच्या हॉलमधलं बाकसुद्धा हलतंच.

पहिल्या वर्षी वाटलं, माहिती विचारतायत.
ओतली सगळी:
बांधाला भोकं पाडणारे खेकडे,
खाऱ्या पाण्यात उभं राहणारं कोरगुटाचं भात,
कोमुनिदादीची पावणी,
बाबांच्या पोटरीवरचा चिखल, वाळून पांढरा झालेला.
लाल शाईत एकच ओळ परत आली:
प्रश्न पुन्हा वाचा.

मग प्रश्न वाचायला शिकले.
'स्पष्ट करा' म्हणजे चिडायचं नाही.
'परीक्षण करा' म्हणजे दोन्ही काठांवर पाय ठेवायचा
आणि पडायचं नाही.
'चिकित्सक' दिसलं की आधी कौतुक,
मग 'तथापि'.
अख्खं एक वर्ष मी 'तथापि' शिकले.
घरीही तसंच बोलू लागले.
आई, हुमण फार छान झालंय, तथापि...
आईनं डाव उगारला.

पुस्तकात तो मानस. म्हणजे बेत, इच्छा, मन.
गावात ती मानस,
बांधातलं लाकडी दार,
नदी आणि शेत यांच्यामधलं.
टिपणासाठी मुद्दे हवे होते,
म्हणून रात्रीच्या ओहोटीला सांतानकडे गेले.
बॅटरी काखेत, बिडी विझलेली.
म्हटलं, दार कधी उघडता, कधी लावता?
हसला.
'हांव खंय उगडटां गो?
बाहेरचं पाणी उतरलं की आतलंच ढकलतं त्याला.
भरती आली की भरतीच लावून घेते.'
मग तुमचं काम काय?
'बिजागरी बघतो. अडकलेलं काढतो.
बाटल्या, फांद्या.
एकदा चप्पल होती, एवढीशी, पोराची.'
चपलेबद्दल पुढे काही बोलला नाही.
मीही वहीत लिहिलं नाही.

वहीत लिहिलं: 'स्थानिक देखरेख यंत्रणा.'
तीन शब्दांत सांतान बसला.
पाच महिन्यांचा त्याचा थकलेला पगार
'निधीची मर्यादा' ह्यात बसला.
दोन वर्षांपूर्वी जुवारीकाकाच्या शेताजवळ बांध फुटला,
आता तिथे तिवरं उभी आहेत, बगळे येतात,
पर्यटक फोटो काढतात.
ते 'पर्यावरणीय आयाम'मध्ये घातलं.
चांगलं उत्तर आहे. साडेसहा मिळतील.

कूळ संघाचा ठराव गेला होता तेव्हाच.
बाबा चार वेळा विचारून आले.
फाइल वर आहे, सांगतात.
वर म्हणजे कुठे, ते नकाशात सापडत नाही,
पण एक टेबल असणार, आणि टेबलामागे खुर्ची,
आणि त्या खुर्चीसाठीच तर
मी पहाटे चारला उठून
राज्यघटनेची कलमं भिंतीला सांगते.

भीती नापास होण्याची नाही. ती होऊन गेली दोनदा.
भीती ही, की मिळेल ती खुर्ची,
समोर येईल तीच फाइल,
आणि शेऱ्यात माझं सवयीचं अक्षर लिहील:
मागणी रास्त आहे, तथापि...

रायबंदरचा धक्का दिसतोय.
लोक हेल्मेटं चढवतायत.
शब्द मोजले, एकशे शेहेचाळीस.
चार उरले.
लिहिलं:
बिजागरी कोणीतरी बघायला हवी.

सर म्हणतील, हा निष्कर्ष नव्हे.
फळी खडाडत खाली पडली,
मागचा हॉर्न वाजवतोय,
वहीला टोपण राहिलंय लावायचं की पेनाला,
सुचत नाही,
स्कूटर मात्र सुरू झाली पहिल्या किकला.