सुकं पान

खानापुरात, स्टेशन रोडला आमच्या स्टुडिओची पाटी
दोन लिप्यांत आहे. वरची कोणती, खालची कोणती,
यावरून तीनदा उतरवून पुन्हा लावली.
आत मात्र एकच भाषा:
हनुवटी वर, हलू नका,
आणि मग लख्ख पांढरं.

एकोणीस वर्षं मी नवऱ्या उजळवतोय.
हळदीच्या गालावरून उजेड कसा घसरतो,
चष्म्याच्या काचेत कुठे अडकतो,
छतावर आपटून खाली आणला
की सावळी मुलगी सासूला कशी गोरी वाटते,
सगळं येतं मला.

रानाला छत नसतं.
हे बमू झोरेनं सांगितलं नव्हतं.
कणकुंबीच्या अलीकडे, फेब्रुवारीतल्या एका तिन्हीसांजेला
सवयीनं फ्लॅश वर वळवला तेव्हा कळलं.
उजेड गेला तो गेलाच.
परत काहीच आलं नाही.

मग सरळ धरला.
पुढे भिंगाची पेटी लावली, लांब मारा करणारी.
बमू बोट दाखवत होता.
मला बोट दिसत होतं, फांदी दिसत होती,
फांदीला अडकलेलं एक पान दिसत होतं.
पुस्तकात त्याला बेडूकमुख्या म्हणतात.
"आमी सुकं पानच म्हनताव," बमू म्हणाला,
"आन् येकदा म्हनलं की मंग बगत नाय."
पोटाखाली एकच अंडं.
बाप बसलेला. दिवसभर बापच बसतो म्हणे.

फ्लॅश भरताना एक बारीक किंकाळी येते.
मंगल कार्यालयात, सनईखाली,
ती कुणाला ऐकू जात नाही.
इथे ऐकू आली, मला, बमूला.
आणखी कुणाला, ते विचारायच्या आत
मी बटण दाबलं.

क्षणभर फांदीचा स्टुडिओ झाला.
चोचीभोवतीचे ताठ केस,
पिसांवर शेवाळाची नक्षी,
आणि डोळा तांबडा,
लग्नात कडेवरच्या पोरांचा येतो तसला.

तो उडाला नाही.
उडाला असता तर बरं वाटलं असतं.
डोळ्याची फट केली, मान वर ताणली,
आणि पान व्हायचं काम
अजून जोर लावून करत राहिला.

माझा दुसरा डोळा उघडाच होता.
आता जिकडे बघावं तिकडे हिरवा डाग,
पायवाट नाही, बमू नाही, स्वतःचा हात नाही.
बाही कुणीतरी धरली.
"दिसाय लागलं की सांगा," अंधार म्हणाला,
"मंग तुमच्यावरनं त्येचा हिशोब लावू.
त्येचं डोळं तुमच्यापरास मोटं हाईत."
झाडाकडे पाठ करून, ओंजळीत काडी लपवून
त्यानं विडी पेटवली.
ती संपली तरी मी काही सांगितलं नाही.

तो फोटो स्वच्छ आलाय. पिसन् पीस मोजून घ्यावं असा.
पुसलेला नाही, खोटं कशाला बोलू.
पण दाखवतही नाही कुणाला.

पुढच्या रविवारी चारही सेल घरी ठेवून गेलो.
पहाटेला, कॅमेरा खोडाला टेकवून,
श्वास धरून, पाव सेकंद.
एवढ्यात नवरी तीनदा हलते.
तो हलला नाही, मी हललो.
आला तो धुरकट, दाणेदार, कडा सुटलेला.
फ्रेम करून नवऱ्यांच्या रांगेत टांगलाय.

परवा कित्तूरकडची एक बाई
पासपोर्टच्या प्रती न्यायला आली होती.
सुट्टे पैसे शोधेपर्यंत तिचा मुलगा
भिंतीकडे तोंड करून उभा.
"एले?" त्यानं विचारलं.
कानडीतलं पान.
"हौदु," मी म्हणालो.
त्यानं मान हलवली
आणि शेजारच्या नवरीकडे बघायला लागला.