गडग्यापलीकडचा सर्व्हर

मुबीनची पडवी आणि आमची पडवी
यांच्यामध्ये एक चिऱ्याचा गडगा, एक रातांबा
आणि त्याच्या अम्मीनं वाळत घातलेला जवळा.
एवढंच.

तरी त्यानं झाडलेली गोळी
आधी पूर्णगडच्या खांबांवरून पावसला जाते,
तिथून रत्नागिरी, तिथून घाटावर कुठेतरी,
मग मुंबई, मग समुद्राच्या तळातून
सिंगापूर,
आणि आल्या वाटेनं परत येऊन
मला लागते.
तोवर मी दाराआड सुखरूप असते.
म्हणजे माझ्या पडद्यावर.
त्याच्या पडद्यावर कधीच आडवी.
"मेलीस!" तो गडग्यावरून ओरडतो.
त्याचा आवाज गोळीच्या आधी पोचतो.

मग आम्ही लॅगच्या मागे लागलो.
राऊटर फ्रिजवरून उतरवला,
त्याच्यापुढचा मखराचा थर्माकोल काढला.
वायफाय सोडलं, वीस मीटर वायर आणली,
ती वाशांवरून ओढताना
माझ्या केसांत वर्षानुवर्षांची कोळिष्टकं.
काकांच्या मालिका रात्री दहानंतर बंद.
"कशाला?" ते म्हणाले.
मी म्हटलं, नळ एक आणि हंडे चार आहेत.
त्यांना ते पटलं. रुसले, पण पटलं.

खाली जेटीवर बर्फाचा कारखाना धडधडला
की दिवे पिवळे पडायचे, पिंग उसळायचं.
त्यावर कुठल्याच सेटिंगमध्ये उपाय नव्हता.
उपाय बाबांच्या पंचांगात निघाला.
उधाणाला होड्या जास्त, म्हणून बर्फ जास्त.
भांगाला पाणी मंद, होड्या ओढून ठेवलेल्या,
कारखाना गप्प.
"अष्टमीला खेळूया," मी मुबीनला कळवायची.
तो म्हणायचा, तुझ्याकडे चतुर्थी-अष्टमी,
माझ्याकडे चांदरात,
आपल्या टीमला भटजीपण लागणार, मौलवीपण.

एकशे ऐंशीचं एकशे दहा झालं.
मग चौऱ्याण्णव.
चौऱ्याण्णववर तीन आठवडे रुतून बसलो,
ओहोटीला गाळात बसते तशी.

एका संध्याकाळी तो गडग्यावर बसून
रातांब्याची साल चोखत म्हणाला,
"आपण सिंगापूरला जातोच कशाला?"

त्याच्या चुलत्याचा जुना कॉम्प्युटर झाला सर्व्हर.
वायर गडग्यावरून, रातांब्याच्या दोन फांद्यांतून थेट.
दुसऱ्या दिवशी तिच्यावर कावळा,
तिसऱ्या दिवशी अम्मीचा ओला टॉवेल.
पिंग: एक.

त्या रात्री मला कळलं
की मुबीन माझ्याहून फार बरा खेळतो.
आजवरचं माझं प्रत्येक मरण
मी केबलवाल्याच्या खात्यावर लिहिलेलं.
एका मिलिसेकंदात कुणाला बोल लावणार?
सतरा वेळा मेले.
तो एकदाही ओरडला नाही,
ते जास्त लागलं.

पुढच्या भांगापासून मी हळूहळू शिकले:
दार आधी नाही उघडायचं,
पावलांचा आवाज थांबला की मगच.
दिवाळीपर्यंत सतराचं अकरा, अकराचं नऊ.
बरोबरी कधीच नाही झाली.

जानेवारीत तो सोहारला गेला, बंदरात, क्रेनवर.
आता पिंग दोनशे दहा,
आणि यावेळी ते खरं आहे.
राऊटर उतरवून, मालिका बंद करून, तिथी बघून
काहीच कमी होत नाही.
तो रात्रपाळीहून येतो, मी पहाटे उठते,
दोघंही जांभया देत एकमेकांना शोधतो.

वायर अजून गडग्यावरून गेलेली आहे.
अम्मी तिच्यावर पंचे वाळवते.

कधी तो दाराशी दिसतो, मी नेमकी गोळी घालते,
तो मात्र तसाच पळत राहतो,
त्याला अजून माहीतच नाही.
फोन स्पीकरवर ठेवून अम्मी भाकरी थापत असते.
त्याचं तिथलं "या अल्ला!" आधी तिला ऐकू येतं
आणि ती पिठाच्या हातांनी गडग्यापाशी येऊन
मला बातमी देते,
"मारलास गो त्याला. आता जेवू दे."