फोटोचा कोपरा

सुहितानं पुण्याहून फोनवर यादी दिली:
एक चादर, सुरकुती नसलेली,
एक उजेड, डोक्यावरून नाही, तोंडावर पडणारा,
पुठ्ठा, काड्या, फेव्हिकॉल,
आणि मोबाइल उभा राहील असं काहीतरी.
"मामा असता तर अर्ध्या तासात झालं असतं,"
म्हणाली, आणि रेंज गेल्यासारखी गप्प बसली.

विश्रामबागेतल्या आमच्या हॉलात
मोकळी भिंत एकच, टीव्हीच्या समोरची.
तिच्यावर माझ्या लग्नातली मोरपिशी चादर.
मोरपिशी कसली, धुऊन धुऊन नुसती निळी झालेली.
दोनदा इस्त्री मारली. खालचा चहाचा डाग
बाकड्याच्या मागं जाईल.
शेजारच्या तेजस्विनीच्या पार्लरमधून गोल लाइट आणला,
त्याला अजून ब्लीचचा वास.
मोबाइल शिडीच्या तिसऱ्या पायरीवर,
मागं टेकू हळदीच्या डब्याचा.

मिश्या कापल्या बावीस.
झुपकेदार, तलवारकट,
एक चुकून भुवईसारखी निघाली,
तीही ठेवली, लागेल कुणाला तरी.
बिनकाचेचा चष्मा. एक फेटा.
आणि पंच्याहत्तरची पाटी,
तिच्यातल्या पाचाचं शेपूट जरा लांबच गेलेलं.

दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली,
आमच्यात रीतच तशी.
भडंगाचा डबासुद्धा झाकला.
मग सात वाजता घरभर माणसं,
हात रिकामे, तोंडं रिकामी,
आणि करायला फक्त फोटो.

तिसऱ्याच फोटोला चादर कोसळली.
शकुंतलाआक्का आत गुरफटली, हसून हसून ठसका लागला तिला.
डबलटेप येताना भिंतीचा रंगच घेऊन आला.
खिळा मारूया म्हटलं,
तर अण्णा खुर्चीतूनच:
"नव्या भिंतीला खिळा नाही."

तेवढ्यात दारात भरतेश.
त्याला कुणी बोलावलं, मला अजून कळलेलं नाही.
हातात बर्फीचा पुडा,
पायांत कुपवाडच्या वर्कशॉपचे बूट.
बूट काढले. पुडा फ्रिजवर ठेवला.
पोछ्याचा दांडा उपसला,
चादरीची कड त्याला गुंडाळली, चार पिना मारल्या,
आणि दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून
चादरीमागं जाऊन उभा राहिला.
"घ्या," एवढंच म्हणाला.

वखारभागातल्या गाळ्याच्या कागदावर
त्यानं सही केली नाही, त्याला सहा वर्षं झाली.
त्याआधी अण्णा त्याला हाक मारायचे
ती गल्लीच्या टोकाला ऐकू जायची.

जोड्या येत राहिल्या. व्याही आले, शेजारी आले,
गॅसवाला पोरगा आला, मिशी लावून गेला.
कुणी चादरीमागं बघितलं नाही,
म्हणजे सगळ्यांनी बघितलं.

शेवटी अण्णा.
मिशी नको म्हणाले. मग घेतली.
नेमकी ती भुवईवाली.
बाकड्यावर ताठ बसले, आधारकार्डाला बसतात तसे.
त्यांच्या पाठीत आणि त्याच्या छातीत
एक सुती चादर, डबलबेडची.
मी टायमर लावला.
दहा, नऊ,
चादर खाली सरकायला लागली.
तास झाला होता, खांदे भरून आले असणार.
सहा, पाच.
अण्णांनी मान वळवली नाही.
"जरा वर धर की रे."

चादर वर गेली,
एकदम, पंख्याला लागेल इतकी.
हा 'रे' कुणाला, कुणी विचारलं नाही.
दोन, एक.

एकूण एकसष्ट फोटो.
पहिले तीन सोडले तर प्रत्येकात वरच्या कडेला
दोन्हीकडं चार चार बोटं,
त्यातलं एक नख लेथनं अर्धं नेलेलं.
सुहिता म्हणते, कापून टाकते, दोन मिनिटांचं काम.
मी म्हटलं, हात लावू नको.

भिंतीवरचा रंग गेला तो गेलाच, तळहाताएवढा.
रंगारी बोलवा म्हणतात अण्णा, मग विषय बदलतात.

आणि तो बर्फीचा पुडा.
भरतेश गेल्यावर तसाच राहिला होता फ्रिजवर, सुतळी बांधलेला.
सकाळी उजाडल्यावर मी उघडायला गेले
तर सुतळीची गाठ वेगळी,
आत दोन वड्या कमी.

आमच्यात रात्री कुणी खात नाही.