कोणत्या महिन्यात

मोजणीवाले आले तेव्हा मी
काझुंगुलाच्या जुन्या धक्क्यावर जाळं सांधत होतो.
तिघे होते. एकाकडे तिपाई, एकाकडे नकाशा,
तिसऱ्याचे हात रिकामे, म्हणजे साहेब तोच.
म्हणाला, होडी काढ.
चोबे झांबेझीला मिळते
नेमकी त्या जागी ने.

मी विचारलं, कोणत्या महिन्यात?

ते हसले.
त्यांना वाटलं, भाडं वाढवतोय.

नकाशावर चार देश, चार रंग.
नामिबिया बोटासारखा लांबून आलेला,
बाकीचे तीन आपापल्या काठानं,
आणि सगळे एका टिंबापाशी अडकलेले,
पूल नव्हता तेव्हा इथं ट्रक अडकायचे तसे:
पुढचा हलेना, मागचा सरेना.
तेव्हा नासिलेले मावशी
तळलेले मासे विकायची ड्रायव्हरांना.
कोणी आठ दिवस थांबलेला, कोणी बारा;
लुबुंबाशीचा एक तर इतका थांबला
की तिच्या धाकटीचं बारसं जेवून गेला.

आता पूल आहे. तो सरळ नाही.
सरळ गेला असता तर वाटेत
तिसऱ्याच देशाचं पाणी येत होतं,
म्हणून एवढं सिमेंट, एवढं लोखंड
हत्ती दिसलेल्या माणसासारखं
गुपचूप वळसा घालून जातं.
ट्रक वरून जातात. मावशी खाली बसते.
तेल तापवते, सवयीनं.

नकाशावाला म्हणाला, टिंब एक आहे की दोन
ते ठरायचंय. दोन असली
तर मधे दीडशे मीटर सीमा निघते.
मी वल्हं मारत होतो.
पाण्यावर रेघ ओढायला निघालेली माणसं
उन्हात फार लवकर लाल होतात.

पाणघोडे उजवीकडे ठेवून
मी होडी तोंडाशी आणली.
तिपाईवाल्यानं नारिंगी फुगा पाण्यात सोडला,
वर पेनानं चार आकडा.
तो झांबेझीकडे जायला हवा होता.
क्षणभर स्वतःभोवती फिरला
आणि निघाला उलटा,
कासानेच्या बाजूला, मावळतीकडे, चोबेत आत.

त्यांनी घड्याळ पाहिलं. यंत्र पाहिलं.
मग माझ्याकडे.

एप्रिल आहे, मी म्हणालो.
वरच्या मैदानांवरून झांबेझी भरून येते,
इतकी, की तिला पात्र पुरत नाही.
आज चोबे भेटायला आलेली नाही.
आज झांबेझीच तिच्या घरी गेलीय.
राहील महिना, दोन महिने. सांगून जात नाही.

साहेबानं हात पाण्यात घातला
आणि बराच वेळ तसाच ठेवला.
मगरी आहेत, असं मला सांगावं लागलं.

वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली,
जागेचा रकाना कोरा राहिला.
धक्क्यावर मावशीकडे मासे खाल्ले तिघांनी.
पैसे क्वाचात दिले, सुटे पुलात घेतले.
पुला म्हणजे पाऊस, मावशी म्हणाली,
पलीकडे लोक पाऊस खिशात ठेवतात.
साहेबानं आणखी एक मासा मागितला.

जुलैत पाणी फिरलं.
एका सकाळी लव्हाळ्यात नारिंगी काही दिसलं.
फुगा होता. एका बाजूनं कुरतडलेला,
आकडा फिकट, पण चारच.

कोणाला कळवावं, मला माहीत नव्हतं.
जाळ्याचं एक बोंडं गेल्या हंगामात तुटलं होतं,
त्या जागी बांधला.
चांगला तरंगतो.