पाठमोरी

एकशे बारा पुस्तकं.
सगळी पातळ, रंगीत, पिना मारलेली,
काहींवर कुणाच्या तरी वरणाचे डाग.
तीन वर्षं झाली, मी त्यांतल्या बायका मोजतेय.

रकाना एक : आई कुठे आहे.
स्वयंपाकघरात, सत्त्याऐंशी वेळा.
दारात, तेरा वेळा, वाट बघत.
मग विहीर, तुळस, तापलेल्या मुलाची उशी.
झाडावर एकदाच, पण ती माकडीण.
रकाना दोन : बाबा काय करतायत.
पेपर. पेपर. पेपर. छत्री. पेपर.

सोनवणे मॅडम म्हणतात, टक्केवारी काढ,
आकड्यांशी सहसा कुणी हुज्जत घालत नाही.
विद्यापीठाच्या कँटीनमागे गार झालेला चहा ढवळत
आम्ही भांडतो, कर्तेपणाचं लिंग कोणतं.
'नपुंसक,' त्या म्हणतात,
'निदान व्याकरणात तरी.'

शनिवारी मी मोजत नाही.
दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत, समाजमंदिरात
सतरंजी अंथरते, पिशवी उलटी करते.
आंबिल ओढ्याचा वास खिडकीतून आत येतो
आणि मुलांच्या आधी येऊन बसतो.

प्रांजल जूनमध्ये गडहिंग्लजहून आली.
वय सहा. आई मेसमध्ये पोळ्या लाटते,
सकाळी दोनशे, रात्री दोनशे.
दारातच म्हणाली, 'बाई, मी आलो.'
पोरं खिदळली : आलो नाही, आले म्हण, आले!
ती म्हणाली, 'आमच्यात आलोच म्हंत्यात.
माझी आई बी आलोच म्हणती.'
भाषा आणि लिंगभाव यावर माझं अख्खं प्रकरण आहे,
चौसष्ट पानं, तळटिपा वेगळ्या.
त्या वेळी त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

सशाच्या वाढदिवसाचं पुस्तक काढलं.
तिसऱ्या पानावर सशाची आई,
पाठमोरी, कमरेला फडक्याची गाठ, पुढ्यात पातेलं.
'हिचं त्वांड कुठाय?'
खीर ढवळतेय ना ती, मी म्हटलं.
'ते कळलं की. त्वांड कुठाय?'

आणि तिनं पान उलटलं.
साहजिकच होतं ते.
कुणाची पाठ दिसत असेल
तर माणूस वळसा घालून पुढे जातो.
मागे मगर होती.
प्रांजलनं पान खिडकीसमोर धरलं,
स्वस्त कागद, उजेड आरपार,
'हाय की,' ती म्हणाली, 'मगरीचं हाय.'

मग काय, गोष्ट तिथेच राहिली.
सगळ्यांनी आपापल्या आया उजेडात धरल्या.
एकीच्या तोंडाजागी चंद्र निघाला,
एकीच्या तोंडाजागी एसटीचं चाक,
एकीला नुसतीच किंमत, रुपये पस्तीस.
समीर शिकलगार बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला,
'आमच्या पुस्तकात आईच नाय,'
आणि माझ्याकडे असं बघितलं
की जणू मीच ती लपवली होती.

एका शेवटच्या पानाची मागची बाजू कोरी निघाली.
प्रांजलनं तपकिरी खडू घेतला.
भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय :
पुस्तकांवर काही लिहू नये.
दोन डोळे, मिटलेले. मोठं नाक.
आणि तोंड, केवढं तरी, आऽ वासलेलं.
ओरडतेय का गं?
'न्हाई बाई. जांभई देतीया.'

रात्री धनकवडीच्या खोलीत लॅपटॉप उघडला.
स्वयंपाकघर, दार, विहीर, इतर.
जांभईला रकाना नाही.
'इतर'मध्ये टाकावी,
तर मगरही तिथेच टाकावी लागेल,
आणि एसटीचं चाक, आणि पस्तीस रुपये.
मॅडमना फोन लावला आणि वाजायच्या आत कापला.

ओळ एकशे तेरा.
आई कुठे आहे :
पानाच्या मागच्या बाजूला.
बाबा काय करतायत :
हा रकाना तसाच सोडून
मी दिवा मालवला,
आणि झोपलो.