चव्वेचाळीस

रात्री नऊला, रेडिओवर बातम्या लागायच्या आधी,
बाबा मान मागे टाकतात
आणि मी त्यांची खालची पापणी ओढून
एक थेंब सोडते.
चुरचुरतं, म्हणतात. मग काही म्हणत नाहीत.
थोड्या वेळाने आवंढा गिळून :
कडू.

थेंब डोळ्यात आणि कडू घशात.
मधल्या वाटेने तो जातो कुठे,
आम्ही दोघांनीही कधी विचारलं नाही.

आणि वाटा बाबांना कुणी शिकवाव्यात?
इटेनच्या कमानीपासून केरिओ दरीच्या कडेपर्यंत
तांबड्या मातीची एकेक चढण त्यांच्या पोटऱ्यांत आहे.
किमाइयो चेबोई, दहा हजार मीटर,
राष्ट्रीय संघाच्या दारापर्यंत गेलेले
आणि दारातूनच परतलेले.
तेव्हा त्यांची नाडी चव्वेचाळीस होती.
लष्करातल्या डॉक्टरने दोनदा मोजली,
मग दुसऱ्या डॉक्टरला बोलावून दाखवली.
आम्ही भावंडांनी ही गोष्ट पाढ्यांसारखी ऐकलीय.

थेंब सुरू होऊन चार महिने झाले असतील.
मुर्सिकचा भोपळा मांडीत घेऊन बसले होते,
सहज दोन बोटं मनगटावर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर,
आणि चेहरा असा उजळला
की मला वाटलं, दारात कुणी आलं.
"जेलगात, चव्वेचाळीस!"
वय एकाहत्तर.
"शरीर विसरत नाही बघ."
शेजारच्या बारगेतुनीला हाक मारून
त्यालाही मोजायला लावली.

पण चर्चच्या चढावर ते थांबू लागले,
बुटाची नाडी सुटली म्हणून.
एकदा. पुन्हा एकदा.
तिसऱ्या रविवारी मी खाली पाहिलं,
पायांत रबरी चपला होत्या.

रात्री त्यांच्या छातीत बारीक शीळ वाजे.
धूळ आहे, म्हणत.
स्वप्नात धावतो आणि पाय उचलत नाही,
हे मला नाही, शेळीला सांगत होते.
पहाटे पोरांचा घोळका दारावरून धावत जाई
आणि बाबा खिडकीशी उठून जाईनात.

एल्डोरेटला डॉक्टर नेकेसांनी
डोळ्याआधी मनगट धरलं.
"इथे हे कशाला?" बाबा म्हणाले.
त्यांनी कागदावर रेघ ओढली :
डोळ्याचा आतला कोपरा, तिथे मोहरीहून लहान छिद्र,
छिद्रातून नाक, नाकातून रक्त,
आणि रक्त काय, कुणालाही ओळखतं.
"लहानपणी दमा होता?"
बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
"होता. धावायला लागलो आणि गेला."
"गेला नव्हता. मागे पडला होता."

बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं,
"म्हणजे ते चव्वेचाळीस?"
"थेंबाचे होते, बाबा."

आता बाटली दुसरी आहे, झाकणाचा रंग वेगळा.
हिने डोळे लाल होतात आणि पापण्या वाढतात,
बारगेतुनी त्यांना नवरी म्हणून चिडवतो.
चर्चच्या चढावर ते माझ्या पुढे असतात.
नाडी सहासष्ट; मीच मोजते,
ते आकडा विचारत नाहीत.

कडेचं जे दिसेनासं झालं ते परत येणार नाही,
हेही त्याच दिवशी कळलं.
नाकासमोर धावलेला माणूस,
त्याला आता नाकासमोरचंच दिसतं.
बाजूने कुणी आलं की दचकतो.
मी लांबूनच खाकरते.

थेंब पडला की डोळा मिटून
कोपऱ्यावर बोट दाबून ठेवायचं, दोन मिनिटं,
ही सवय नेकेसांनी लावली.
मी घड्याळ बघते. झाली दोन, म्हणते.
बाबा बोट काढत नाहीत.
"दोन फेऱ्यांना अजून दहा सेकंद आहेत," म्हणतात,
आणि मिटल्या डोळ्यांनी
शेवटचं वळण घेतात.