मेंबर

मुहर्रकच्या या गल्लीत मला कुणी मेंबर म्हणत नाही.
लाँड्रीवाल्या शफीची बायको, एवढीच ओळख.
इस्त्री करते, थोबांच्या कॉलरला आतून
न जाणाऱ्या शाईने नंबर घालते.

म्हसळ्याला पाच वर्षं मेंबर होते.
प्रभाग अकरा महिलांसाठी राखीव निघाला
आणि शफीने इथून फोनवर सांगितलं, तूच उभी राहा.
सत्तावीस मतांनी आले.
पहिल्या सभेत खुर्चीच्या टोकावर बसले,
चहा घेऊन आलेल्या शिपायालाच उठून जागा दिली.
मग शिकले.
टेंडर वाचायला, इंजिनिअरला तीनतीनदा फोन करायला,
आलेला फोन न उचलायलाही.
सिमेंटची सहा बाकं बसवली. पाठीवर निळ्या रंगात
नगरसेविका खैरुन्निसा शफी हमदुले यांच्या...
पेंटरने नाव एवढं मोठं काढलं
की सौजन्याला जागाच उरली नाही.

इथे बिल्डिंगला नंबर, रस्त्याला नंबर, ब्लॉकला नंबर.
प्रभागासारखंच सगळं,
फक्त मतदारयादीत आमच्यातलं कुणी नाही.
शुक्रवारी संध्याकाळी माणसं खाली उतरतात,
सिल्हेटची, कोल्लमची, दोघं आपल्या दापोलीकडची.
पेप्सीच्या क्रेटवर बसतात,
घरी व्हिडिओ लावताना फोन उंच धरतात,
क्रेट दिसू नये म्हणून.
कुणीतरी टाकलेला एक सोफा होता, स्प्रिंग बाहेर आलेला.
बलदियाची गाडी आली, उचलून घेऊन गेली.
नियमाने बरोबरच.
मीही दोन टपऱ्या उचलल्या होत्या.

अर्ज लिहायला बसले तर हात आपोआप चालला,
महोदय, वरील विषयास अनुसरून...
टायपिंग सेंटरच्या कुंजुमोनने त्याचं अरबी केलं,
दीड दिनार घेतला, वाचून झाल्यावर अर्धा परत दिला.
विषय: दोन बाकं.

इथला मेंबर बू राशिद.
त्याचे थोब आमच्याकडेच येतात, नंबर एकोणसाठ.
उजव्या खिशात हमखास कागद सापडतात,
लोकांचे अर्ज असावेत, कधी पाण्यातून निघालेले.
मी ते वाळवते, इस्त्री फिरवते,
घडीवर ठेवून देते. तो कधी काही बोलला नाही.

त्या शुक्रवारी स्वतः आला.
क्रेटकडे बघत उभा राहिला, मग मला विचारलं,
"कितना नफर?"
मी म्हटलं, "एकही नाही."
तो बघतच राहिला. माझ्यामागे नऊजण बसले होते.
कुंजुमोन कानाशी म्हणाला,
मॅडम, माणसं किती बसतात, विचारतायत.

मला ऐकू आलं होतं, मतं किती.

कारण खाडीच्या टोकाला, कातकरवाडीत
कमळी हिलम नळ मागत होती
तेव्हा मी शिपायाकडे वळून हेच विचारलं होतं,
हळू आवाजात,
पण तिला ऐकू जाईल इतक्याच हळू.
अकरा, तो म्हणाला.
पाईप तिथवर गेला नाही.
अंदाजपत्रकात बसत नाही, असा शेरा मी मारला.
खोटा नव्हता शेरा.

बू राशिदने बोटाने मोजलं, नऊ,
कागदावर लिहिलं, कागद उजव्या खिशात.

दोन महिने झाले. बाकं नाहीत.
मंगळवारी थोब आला, खिसा चाचपला,
रिकामा.
ही चांगली खूण की वाईट
हे पाच वर्षं मेंबर असून मला कळेना.

काल रात्री म्हसळ्याला फोन लावला.
प्रभाग अकराचा नवा मेंबर, कोवळा पोरगा,
निलेश का काहीतरी.
म्हटलं, कातकरवाडीचा नळ बघ.
म्हणाला, बघतो ताई, माणसं किती असतील तिथे?

इस्त्री गरम होती, दुसऱ्या हातात.
मला अकराच आठवत होते.
विचारून सांगते, म्हटलं,
आणि फोन ठेवल्यावर बसून राहिले,
आता कुणाला विचारू.